ढेप, कुटार आणि करार

सरकीतून तेल काढल्यावर जे उरते त्याला आमच्या वऱ्हाडात ढेप म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात तिला पेंड म्हणतात आणि उर्दूत खली. सोयाबीन, तूर, हरभरा काढल्यावर जो भुसा उरतो ते कुटार. ज्वारीचे कणीस खुडल्यावर हाती राहतो तो कडबा. दोन भाषा शिकवणे हे माझे काम, त्यामुळे शब्दांवर नजर जातेच. पण या तीन शब्दांत मला भाषेपेक्षा हिशेब जास्त दिसतो. या तिन्ही वस्तू कोणी मुद्दाम पिकवत नाही. त्या उरतात. वऱ्हाडातले जनावर, मग ती पूर्णेच्या काठची पूर्णाथडी म्हैस असो, शेतातली बैलजोडी असो की जुन्या शहरातल्या ओट्याला बांधलेली बेरारी शेळी, या उरलेल्यावरच जगते.

आंतरराष्ट्रीय व्यापार करार आणि लहान पशुपालक असा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा दुधावर सुरू होते आणि दुधावरच संपते. न्यूझीलंडचे दूध येणार का, अमेरिकेचे लोणी येणार का, एवढेच विचारले जाते. प्रश्न खोटा नाही. पण वऱ्हाडाच्या गोठ्यात करार दुधाच्या कॅनमधून येत नाही, तो गव्हाणीतून येतो. करार होतो कापसाचा, तेलाचा, सोयाबीनचा आणि कमी होतो जनावराचा घास. असे पहिल्यांदा आजच होत नाही आहे. या गोष्टीला जवळपास पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात आपल्याच मुलखात आहे.

तह फौजेचा, रान कापसाचे

२१ मे १८५३ रोजी निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत कंपनीच्या कारभाराखाली गेला. वरवर पाहिले तर मामला थकबाकीचा आणि पगाराचा होता. पण गव्हर्नर जनरल डलहौसीने आपल्या कारकिर्दीचा आढावा घेताना हिंदुस्थानातला उत्तमातला उत्तम कापसाचा मुलूख हाती आल्याची नोंद समाधानाने केली. तह कशासाठी झाला ते तहाच्या कागदात असते, आणि त्याचा उपयोग कशाला झाला ते नंतर शेतात दिसते.

त्याआधीही वऱ्हाडचा कापूस बाहेर जात होता, पण तो बैलांच्या पाठीवरून जात होता. बंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांवर माल लादून इथला कापूस थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत. वाटेत बैल चरत आणि पुढे जात. म्हणजे कापसाचा व्यापार आणि गुरांची चराई एकाच वाटेवरून चालत होती. पडीक रान, नदीकाठ, गावाभोवतीचे गवत ही त्या व्यापाराची इंधनाची कोठारेच होती.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि साऱ्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त नावाचा अधिकारीच नेमला गेला. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरला जाणारी रेल्वे अकोल्यावरून धावू लागली. १८७० मध्ये खामगावची शाखा उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. रेल्वेने बैलांच्या तांड्यांचा धंदा बसवला हे उघडच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट शेतात घडली. जिथे गवत होते तिथे नांगर गेला. जिथे ज्वारी होती तिथे कापूस वाढत गेला. ज्वारी माणसाला भाकर देते आणि जनावराला कडबा देते. कापूस सरकारला सारा देतो, सावकाराला व्याज देतो आणि जनावराला पळाटी दाखवतो.

इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर एक पुस्तक लिहिले आणि पुढे इथल्या गुराढोरांवर 'इकॉलॉजी, कलोनिअलिझम अँड कॅटल' हे दुसरे. आपल्या मुलखातल्या गाईबैलांचा असा इतिहास लिहिला गेला आहे, हेच आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. चराऊ रान आकसले, जंगलात गुरे नेण्यावर बंधने आली आणि गुरे राखणारी माणसे हळूहळू मजूर झाली, ही त्या इतिहासाची मुख्य वाट. आजही आमच्याकडे गायरानाला 'ई-क्लास जमीन' म्हणतात. इंग्रजी अमदानीच्या जमीन-दप्तराची ती खूण गावोगावच्या बोलीत जिवंत आहे. जमिनीवर मात्र किती ठिकाणी गवत उरले, ते ज्याने त्याने आपल्या गावात जाऊन पाहावे.

मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. दुसऱ्यात तर माणसाच्या धान्याइतकीच जनावराच्या चाऱ्याची आग लागली. कापूस विकून पैसा हाती आलेला असला, तरी कडब्याच्या पेंढीची जागा पैसा घेत नाही, कारण ती बाजारातच नसते. गुरे मोठ्या संख्येने मेली. बैल मेला की पुढच्या वर्षीचा पेरा मेला.

याच काळाच्या आगेमागे आणखी एक व्यापार वाढला, त्याचा उल्लेख आपल्या शाळेच्या पुस्तकांत येत नाही. सरकी जहाजांत भरून मुंबईहून इंग्लंडला जाऊ लागली. तिथल्या हल बंदरात सरकी गाळण्याचे मोठे कारखाने होते. तेल साबणाला वगैरे गेले आणि ढेप इंग्रज शेतकऱ्यांच्या गाईंना. म्हणजे काळ्या मातीतला कस आधी धाग्याच्या रूपाने गेला आणि नंतर उरलेला घासही गेला. या व्यवहारात कोणी चोरी केली नव्हती. सगळे बाजारभावाने, कायदेशीर आणि पावतीसह झाले.

शून्यावरची सही

आता दुधाकडे येऊ, कारण करारांचा आधुनिक इतिहास तिथूनच नीट कळतो. ३० ऑक्टोबर १९४७ रोजी जिनिव्हात गॅट नावाचा व्यापार करार झाला. पहिल्या २३ देशांत भारत होता. देश स्वतंत्र होऊन अडीच महिने झाले होते. गॅटच्या सुरुवातीच्या वाटाघाटींत भारताने दूध भुकटीवर शून्य टक्के आयातशुल्काची हमी दिली. त्या काळी देशात दुधाची टंचाई होती आणि स्वस्त भुकटी येणे म्हणजे मुलांच्या पोटाची सोय होती. तेव्हाच्या हिशेबाने त्यात वावगे काही नव्हते. पण करारातला शून्य तसाच राहतो आणि देश बदलत जातो.

१९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली. युरोपात तेव्हा भुकटीचे आणि बटरचे डोंगर साठले होते आणि ते मदत म्हणून इकडे आले. डॉ. व्हर्गिस कुरियन यांच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ती भुकटी फुकट वाटली नाही. तिचे दूध करून इथल्या दराने शहरांत विकले आणि आलेला पैसा सहकारी दूध संघ उभे करण्यात घातला. परदेशातले उरलेसुरले इथल्या गवळ्याच्या मुळावर न येता त्याच्या कामाला आले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत शिकण्यासारखा धडा आहे.

पुढे १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली. तोवर भारत परवाने आणि संख्येच्या मर्यादा घालून आयात रोखत होता, त्यामुळे शून्याचा त्रास जाणवत नव्हता. अमेरिकेने त्या मर्यादांविरुद्ध तक्रार नेली, ऑगस्ट १९९९ मध्ये निकाल भारताविरुद्ध कायम झाला आणि १ एप्रिल २००१ पर्यंत उरलेल्या सगळ्या मर्यादा उठवाव्या लागल्या. कुंपण काढले तेव्हा लक्षात आले की आतल्या दाराला कडीच नाही. त्याच सुमारास युरोपातली अनुदानावर पोसलेली भुकटी हजारो टनांनी येऊन धडकली. सहकारी संघांनी दिल्लीत हाकाटी केली. सरकारने पुन्हा वाटाघाटी केल्या आणि २००० साली नवे ठरले. दहा हजार टनांपर्यंत १५ टक्के, त्यापुढे ६० टक्के. बदल्यात दुसऱ्या वस्तूंवर सवलती द्याव्या लागल्या.

४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने आरसेप या सोळा देशांच्या करारातून अंग काढून घेतले. त्यामागे अनेक कारणे होती, पण दूध संघांचा विरोध हे त्यातले मोठे कारण होते. न्यूझीलंड आपल्या दुधातले ९५ टक्क्यांच्या आसपास दूध बाहेर विकतो. तो माल आल्यावर चार म्हशींवाल्याचे काय होईल, हे समजायला पदवी लागत नाही. त्यानंतरच्या करारांत, २०२२ चा ऑस्ट्रेलियाशी झालेला असो की २४ जुलै २०२५ चा ब्रिटनशी झालेला, दुग्धपदार्थ बाहेर ठेवले गेले. २०२५ मध्ये अमेरिकेशी चाललेल्या बोलण्यांतही दूध हाच अडलेला मुद्दा राहिला आणि पंतप्रधानांनी ७ ऑगस्ट २०२५ ला शेतकरी, पशुपालक, मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड नाही असे जाहीर सांगितले.

दुधाला असे राखले गेले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण शुल्काची भिंत म्हणजे भाव नव्हे, हेही विसरू नये. २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या गोदामांत लाखो टन भुकटी पडून होती, जगात भाव पडले होते, आपली भुकटी कोणी घेईना. परिणामी गाईच्या दुधाचा भाव लिटरला १७-१८ रुपयांवर आला आणि जुलै २०१८ मध्ये महाराष्ट्रात दूध आंदोलन पेटले. एक पेलाही परदेशी दूध न येता परदेशी भाव मात्र आला.

तेल येते, ढेप येत नाही

दुधाच्या भिंतीआड आपण निश्चिंत बसलो असताना गव्हाणीकडे कोणाचे लक्ष नव्हते. १९९४ पासून खाद्यतेलाची आयात खुली होत गेली. १ जानेवारी २०१० पासून आसियान देशांशी झालेला मुक्त व्यापार करार लागू झाला. त्यात मलेशिया आणि इंडोनेशियाच्या पामतेलावरचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवून २०१९ अखेर कच्च्या तेलावर ३७.५ आणि शुद्ध तेलावर ४५ टक्क्यांवर आणायचे ठरले होते. सोयाबीन तेलावर तर जागतिक व्यापार संघटनेत आपण ४५ टक्क्यांच्या वर जाणार नाही अशी हमी दिलेली आहे. ही झाली वरची मर्यादा. प्रत्यक्षात शुल्क बहुतेक काळ त्याच्या खालीच राहते. ३० मे २०२५ च्या आदेशाने तर कच्च्या तेलांवरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्के केले गेले. आज देशाला लागणारे निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येते.

शहरातल्या माणसाला यात वाईट दिसत नाही. तेल स्वस्त झाले तर रमजानमध्ये भजी तळणाऱ्या घरालाही बरे, दिवाळीत चकली तळणाऱ्या घरालाही बरे. पण गोठ्यातून पाहा. भुईमूग किंवा तीळ गावच्या घाणीवर गाळला की तेल घरात जाते आणि ढेप गोठ्यात. टँकरमधून उतरलेल्या पामतेलाबरोबर ढेप येत नाही. ती मलेशियातच राहते. वऱ्हाडातला भुईमूग मागे पडला, गावच्या घाणी बंद पडल्या, त्याचे कारण एकटे पामतेल नाही. पाणी आहे, मजुरी आहे, रानडुकरेही आहेत. तरी तेलाचा भाव पडल्यावर तेलबियांचा उत्साह उतरतो आणि त्याबरोबर ढेप महागते, हा धागा कोणत्याही कराराच्या चर्चेत कोणी मांडला नाही.

कापसाचेही तेच आहे. क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. उरलेल्यातली जवळजवळ सगळी सरकी असते. म्हणजे वजनाने पाहिले तर कापूस हे धाग्याचे पीक कमी आणि जनावराच्या खुराकाचे पीक जास्त आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावले, कापड उद्योग अडचणीत आला आणि त्याला दिलासा म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासून रुईवरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. नेमक्या त्याच महिन्यांत वऱ्हाडात वेचणी असते. यावर कापूसवाला शेतकरी बोलला, नेते बोलले, अग्रलेख आले. पण परदेशातून आलेल्या रुईच्या गाठीत सरकी नसते, हे कोणी बोलले नाही. भाव पाहून पुढच्या हंगामात शेतकऱ्याने कापूस कमी केला, तर धाग्याची तूट गाठी भरून काढतील. ढेपेची तूट कोण भरून काढणार?

म्हणूनच मी म्हणतो की या व्यापारात उरल्यासुरल्याचा एक विचित्र खेळ आहे. युरोपात लोणी काढल्यावर उरलेल्या दुधाची भुकटी, अमेरिकेत छातीचे मांस खाल्ल्यावर नको असलेल्या कोंबडीच्या तंगड्या, असे परक्यांचे उरलेले आपल्याकडे यायला धडपडते. उरलेल्या मालाला उत्पादनखर्च नसतो, म्हणून तो कोणत्याही भावात परवडतो. तंगड्यांसाठी तर अमेरिकेने भारताला जागतिक व्यापार संघटनेत खेचले आणि ४ जून २०१५ ला निकाल आपल्याविरुद्ध गेला. बर्ड फ्लूचे कारण सांगून आपण २००७ पासून घातलेली बंदी नियमात बसली नाही. इथे फक्त उंच शुल्काची भिंत उभी आहे. आणि आपले स्वतःचे उरलेले, ढेप, कुटार, कडबा, त्याची काळजी घेणारे कलम कुठल्याच करारात नसते.

एका घरात दोन बाजू

हा मामला शेतकरी विरुद्ध परदेशी इतका सोपाही नाही. २०२१ चे उदाहरण पाहा. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या बाजारांत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास पोहोचले. हमीभाव ३,९५० होता. सोयाबीनची ढेप हा कोंबडीच्या खाद्याचा कणा आहे, त्यामुळे पोल्ट्रीवाले हवालदिल झाले. त्यांच्या मागणीवरून ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन ढेप आयात करायला परवानगी दिली. या देशात असे सोयाबीन पेरायला परवानगी नाही, त्याची ढेप मात्र चालली. नवा माल बाजारात आला तेव्हा भाव जवळपास निम्म्यावर येऊ लागले होते.

आता बाळापूरच्या रस्त्यावरचे एखादे घर डोळ्यांसमोर आणा. समजा थोरल्या भावाने चार एकरांत सोयाबीन पेरले आहे आणि धाकट्याने कर्ज काढून दोन हजार पक्ष्यांची शेड टाकली आहे. आयातीच्या बातमीने एकाच चुलीवर एकाला हायसे वाटते आणि दुसऱ्याच्या पोटात गोळा येतो. दोघेही लहान आहेत, दोघेही खरे आहेत. त्या घराला हवा होता तो स्थिर भाव, आणि पेरणीआधी समजलेले धोरण. त्यांना मिळाली ती अर्ध्या हंगामात निघालेली अधिसूचना. दिल्लीत निर्णय घेणाऱ्यांना हे घर दिसत नाही, कारण तिथे सोयाबीनची फाइल एका टेबलावर असते आणि कोंबडीची दुसऱ्या.

विकायला काढलेले जनावर

लहान पशुपालकाच्या हिशेबात आणखी एक उरलेली वस्तू असते, ती म्हणजे थकलेले जनावर. भाकड म्हैस, म्हातारा बैल, वाढलेला बोकड. त्याच्या विक्रीतून नवे जनावर येते, मुलीच्या लग्नाचा मंडप येतो, पेरणीचे बियाणे येते. बँकेत खाते नसलेल्या घराची ती मुदत ठेव आहे. बकरी ईद ही कित्येक धनगर, भटक्या, दलित आणि मुस्लीम शेळीपालकांसाठी वर्षाची एकच मोठी कमाई असते. त्या बाजारात विकणारा आणि घेणारा एका धर्माचा असतोच असे नाही. बहुतेक वेळा नसतो.

मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात सुधारित पशुसंरक्षण कायदा लागू झाला आणि गाईबरोबर बैल आणि वळूही बंदीत आले. कायद्याच्या बाजूने आणि विरोधात बोलणाऱ्यांची कमी नाही, तो वाद मी इथे उघडत नाही. मी फक्त गोठ्याचा हिशेब मांडतो. शेवटच्या विक्रीची किंमत शून्य झाली की पहिल्या खरेदीची हिंमत खचते. पुढे रस्त्यावर अडवणूक, मारहाण आणि जप्ती वाढल्याच्या तक्रारी झाल्या आणि कायद्याने मोकळ्या असलेल्या म्हशीच्या वाहतुकीचीही भीती बसली. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच बंद ठेवली. तेव्हा बाजार ओस पडले आणि आधी हाक मारली ती शेतकऱ्यांनी. ज्याला आपण फक्त खाटकाचा प्रश्न समजत होतो, तो दावणीचा प्रश्न निघाला.

याच देशातून म्हशीच्या मांसाची निर्यात जगात पहिल्या काही देशांत मोजली जाते. म्हणजे मोठ्या निर्यातदाराला परदेशी बाजार मोकळा आहे आणि त्याला जनावर पुरवणाऱ्या लहान माणसाला पन्नास किलोमीटरचा रस्ता मोकळा नाही. शेळीचेही तसेच झाले. जून २०१८ च्या अखेरीस नागपूरच्या विमानतळावरून शारजाला शेळ्यामेंढ्या पाठवायची तयारी झाली होती, पण जैन समाजातून विरोध झाल्यावर ते उड्डाण थांबले. कोणाच्या भावनांची थट्टा मला करायची नाही. पण १ मे २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीशी आपला व्यापार करार लागू आहे. त्यातून सराफ्याला काय मिळाले, कापडवाल्याला काय मिळाले, याचे आकडे निघतात. महाराष्ट्रात एक कोटीहून जास्त शेळ्या आहेत. त्या पाळणाऱ्या बायाबापड्यांना या करारातून काय मिळाले, हा प्रश्न कोणी विचारलेला माझ्या ऐकण्यात नाही.

नाव कोणाचे येते?

या साऱ्या इतिहासातून मला एक गोष्ट स्वच्छ दिसते. करारात त्याचेच नाव येते, ज्याची संघटना असते. दूध वाचले, कारण दुधामागे गावोगावच्या सहकारी संस्था, त्यांचे संघ आणि दिल्लीपर्यंत जाणारा आवाज होता. १८५३ मध्ये वऱ्हाडच्या गुराख्याचा आवाज नव्हता, म्हणून त्याचे रान गेले आणि त्याला पत्ताही लागला नाही. आज शेळीवाल्यांची, ढेपेवर जगणाऱ्या चार जनावरांच्या घरांची संघटना नाही, म्हणून त्यांचे नाव नाही. आणि वऱ्हाडाचे दुर्दैव असे की इथे दुधाचा सहकारही पश्चिम महाराष्ट्रासारखा रुजला नाही. विदर्भ-मराठवाड्यासाठी दुग्धविकास प्रकल्प सुरू व्हायला २०१६ उजाडले. म्हणजे दुधाला मिळालेल्या संरक्षणाची सावलीही आपल्या अंगणात अर्धीच पडते.

मग करायचे काय? जगाशी व्यापार बंद करा असे मी म्हणणार नाही. आपल्याच समाजातली किती घरे आखातातल्या पगारावर उभी आहेत, हे मला माहीत आहे. दारे बंद करून कोणाचे भले झालेले नाही. पण तीन गोष्टी मागता येतात आणि त्या मागायला हव्यात. पहिली, तेलाचे किंवा कापसाचे शुल्क बदलताना ढेपेवर काय परिणाम होईल याचा हिशेब मांडला जावा आणि असा बदल पेरणीआधी कळावा. दुसरी, ई-क्लास जमिनीची नोंद ग्रामसभेत वाचून दाखवली जावी आणि गवताखालची जमीन गवतालाच राहावी. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या निकालात सांगितलेलेच आहे. तिसरी, कायद्याने जे जनावर विकायला मुभा आहे ते निर्भयपणे बाजारात नेता यावे.

चौथी गोष्ट मागायची नाही, ती आपण करायची आहे. शेळी पाळणारी बाई, ती विकत घेणारा कुरेशी, ढेप विकणारा दुकानदार आणि सोयाबीन पेरणारा पाटील यांचा धंदा एकमेकांत गुंतलेला आहे. त्यांची एक शेतकरी उत्पादक कंपनी किंवा साधी सहकारी संस्था निघाली, तर ती केवळ बोकड विकणार नाही. दिल्लीतून एखादी आयातीची अधिसूचना निघेल तेव्हा तिच्यावर हरकत लिहून पाठवणारे एक लेटरहेड अकोल्यात असेल. आमच्या जुन्या शहरात अर्ज लिहून देणाऱ्यांची कमी नाही. मराठीत हवा असेल तर मराठीत, उर्दूत हवा असेल तर उर्दूत, पहिला मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे.